उसना ताल

२०७४ साली वेंगुर्ल्यात हृदयाचे ठोके उसने मिळत. ओजसराव केळुसकरांना ते बायकोकडूनच मिळाले होते.

सत्तरीतल्या ओजसरावांच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसण्याऐवजी नुसतेच थरथरत. चार पायऱ्या चढल्या की धाप लागे. डॉ. रुबीना मुजावरांनी छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून केसाएवढी नळी वर सरकवली आणि मोहरीहून लहान असा 'तालमणी' हृदयात बसवला. त्याचा जोडमणी त्यांच्या बायकोच्या, मृण्मयीच्या हृदयात. तिचा प्रत्येक ठोका बिनतारी लहरींनी इकडे पोचे आणि भरकटलेल्या कप्प्यांना ताल देई. दुसऱ्याच दिवशी ओजसराव घरी आले. महिन्याभरात बंदरावर चालत जाऊन स्वतः बांगडे आणू लागले.

फक्त रोज साडेचारला, खुर्चीत बसल्या बसल्या, त्यांचं हृदय उधळे.

"मणी बिघडलाय," त्यांनी तक्रार केली.

डॉक्टरांनी आलेख पाहिला. "मणी ठणठणीत आहे. हे ठोके मृण्मयीताईंचे. त्या वेळी त्या कुठे असतात?"

"वाचनालयात."

"मग पुस्तक फारच रंगलेलं दिसतंय!" डॉक्टर हसल्या.

ओजसरावांना हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते तिच्या मागोमाग निघाले. वाचनालय मागे पडलं. गावाबाहेरच्या सड्यावर, मोकळ्या कातळावर, मृण्मयी एका जुन्या मोटारसायकलवर बसली होती. आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या त्या काळात हाताने चालवायची गाडी! तिने मूठ पिळली, गाडी सुसाट सुटली आणि ओजसरावांच्या छातीत असा आनंद उसळला की ते एकटेच मोठ्याने हसले. चाळीस वर्षांच्या संसारात तिला इतकं खूश त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात तिला ते दिसले.

ठोके भराभर उतरले. ओजसरावांनी मनगटावरच्या, ठोके मोजणाऱ्या पट्टीकडे पाहिलं. बहात्तर. घरात दिवसभर असतात तेवढेच.

ती गाडी घेऊन जवळ आली. "शोधून काढलंस ना? आता माझं एकटीचं काही उरलंच नाही का रे?"

"नाही उरलं. आणि मला बघून तुला काय होतं, तेही मला कळलं."

मृण्मयी ओशाळली. मणी बंद केला तर थरथर परत येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मागे जागा आहे?" ओजसरावांनी विचारलं.

"पडशील."

"पडलो तर पडलो!"

ती खुदकन हसली. ते मागे बसले. सड्यावरचं वाळकं गवत दोन्ही बाजूंनी पळू लागलं. ठोके चढले, ऐंशी, नव्वद, शंभरावर.

"हे गाडीमुळे की माझ्यामुळे?" ते वाऱ्यात ओरडले.

"विचारू नकोस!"

ओजसराव खदखदून हसले. विचारायची गरजच नव्हती. उत्तर त्यांना आता तिच्या ठोक्यांतून जन्मभर मिळत राहणार होतं, तिला ते द्यायचं असो वा नसो.