उजेड न पाहिलेली वाळू

तसं काम सोपं होतं. दगडासारखी घट्ट झालेली, फार जुनी वाळूची टेकडी. तिच्या पोटात खड्डा खणायचा, भिंतीत लोखंडी नळी ठोकायची, वाळूनं भरली की झाकण लावून बाहेर काढायची. त्या वाळूनं शेवटचं ऊन कधी पाहिलं, ते साहेब प्रयोगशाळेत शोधत. पाऊस कधी आटला, कोरडं वारं कधी सुटलं, ते त्यावरून कळे. म्हणून खड्ड्यावर जाड काळं कापड. जरासा उजेड लागला, की वाळू सगळं विसरते.

थोरला भाऊ वर, धाकटा खाली. भर दुपारी भिंत ढासळली.

"दादा, छातीपर्यंत आलीय रे... कापड काढ!"

थोरल्यानं कापडाला हात घातला.

"आधी नळी," साहेब म्हणाले. "दोन मिनिटांत काय मरतोय तो?"

साहेबांचं ऐकायची अठरा वर्षांची सवय. थोरल्यानं कापडाखाली हात घातला.

"धर," खालून धाकटा म्हणाला. "पण लवकर..."

थोरल्यानं झाकण घट्ट बसवलं, मग कापड फेकलं. खाली नुसती वाळू.

तीन दिवस खणलं. खडक लागला, धाकटा लागला नाही. आई दाराला कडी घालू देईना. "त्याला घेऊनच ये," एवढंच म्हणायची.

दीड महिन्यानं साहेबांनी थोरल्याला बोलावलं. धाकट्यानं दिलेल्या त्या नळीचं झाकण निघत नव्हतं. खोलीत मिणमिणता लाल दिवा.

"याच थरातली दुसरी नळी तपासली," साहेब खुशीत होते. "आठ हजार वर्षं!"

झाकण निघालं. वाळूत एक अंगठा होता, लाकडासारखा वाळलेला. हातोडा बसून दुभंगलेलं नख थोरल्यानं ओळखलं.

"साहेब... हा माझा भाऊ."

"वेड लागलंय का? आठ हजार वर्षांपूर्वीचा माणूस आहे हा! नशीब उघडलं आपलं. उरलेला उद्या टेकडीतून काढू."

"आजच काढू या ना, साहेब. आई..."

"इतकी वर्षं थांबला, एक दिवस थांबेल."

साहेब फोन करायला बाहेर गेले. फळीवरच्या एका बंद नळीतून हलकेच आवाज आला. ठक... ठक... थोरल्यानं तिला कान लावला.

"दादा..." आतला आवाज फार म्हातारा झाला होता. "आई आहे का रे अजून?"