बारा नंबरचा बिल्ला

दोष नाथाजीचाच. शेकोटीत काटकी सारत कोंडीबानं आधी तेच सांगितलं. विट्याकडच्या बंद सूतगिरणीचं संग्रहालय झालंय, तिथला कोंडीबा रखवालदार. समोर शिवतेज आणि गावातली आणखी चार पोरं.

"गिरणीत एकच नियम. यंत्रात हात घालायचा, तर आपला पितळी बिल्ला स्विचवर टांगायचा. ज्याचा बिल्ला, त्यानंच काढायचा. त्या दिवशी मोहिद्दीन पिंजणयंत्रात वाकलेला. काम मागं पडतंय म्हणून मुकादम नाथाजीनं त्याचा बिल्ला काढून खिशात टाकला अन् बटण दाबलं. मोहिद्दीन आतच गेला. साहेबाला म्हणाला, बिल्ला नव्हताच."

"तुमी बघितलं?" शिवतेजनं विचारलं.

"व्हय."

"अन् गप बसला? लय भारी काम केलंत, आबा."

कोंडीबानं आणखी एक काटकी आत सारली.

गिरणी बंद पडली, बिल्ले भट्टीत गेले. उरला तेवढा मोहिद्दीनचा, नाथाजीच्या ट्रंकेत. पुढं देणगीदारांनी ट्रस्ट काढला, यंत्रं पुसली, लोकांकडं जुन्या वस्तू मागितल्या. नाथाजीनं तोच बिल्ला भेट दिला! उद्घाटनात शाल मिळणार होती ना. शाल दिसली की या म्हाताऱ्यांना मेलेला माणूस दिसत नाही.

शनिवार, १८ जानेवारी २०२५. रात्रीचे सव्वाअकरा. बिल्ला काचेच्या कपाटात ठेवायला नाथाजी एकटाच आत गेला. ठेवला. कुलूप लावलं. पुढचं त्यानंच दवाखान्यात कोंडीबाला सांगितलं.

पिंजणयंत्रातून हाक आली.

"नाथा... मी हाय रं आत..."

वीज तोडलेली. मोटर कधीच भंगारात गेलेली. एखादं पोरगं लपलं असंल, असं त्याला वाटलं.

"कोण हाय? भाईर ये!"

...

"हात दे..."

त्यानं बॅटरी धरली. वाकला. हात घातला.

आतून कुणी तो धरला. गार. तेलकट.

यंत्र फिरलं.

एक वेढा... दुसरा...

खट्. थांबलं.

ओरडणं ऐकून कोंडीबा धावला. कपाटाचं कुलूप तसंच, मोहिद्दीनचा बिल्ला आतच. पण स्विचवर दुसराच एक टांगलेला. अजून हलत होता. नंबर बारा.

"बारा कुणाचा?" शिवतेजनं विचारलं.

"नाथाजीचा. माज्यासमोर वितळला हुता."

"मग तुमी काढला न्हाई?"

"ज्याचा त्यानंच..."

कोंडीबानं शेकोटीवर माती लोटली.

बिल्ला अजून तिथंच आहे. नाथाजीचा उजवा हात कोपरापासून गेला.