तांदळातलं नाव

राजस, फोन उपडा ठेव आधी. अमृता, तू इकडे सरक. ही काही उडत उडत ऐकलेली गोष्ट नाही, आपल्या या बेस्ट गावातल्या उल्हासवर बेतलेली आहे. तेव्हा तो युट्रेख्टला राहायचा.

एकोणतीस जानेवारी दोन हजार एकवीस, शुक्रवार. संचारबंदीचा सातवा दिवस. रात्री नऊनंतर रस्त्यावर दिसलात की दंड. आल्यावर खिचडी टाकू म्हणून उल्हासनं ताटात तांदूळ काढून ठेवले आणि साडेसहाला तो एक कागद आणायला निघाला.

पुण्यात त्याचे वासुदेवकाका घराण्याचा कुलवृत्तांत काढत होते. पुस्तक सोमवारी छपाईला जाणार. त्यात चार पिढ्यांमागच्या एका बाईची अख्खी माहिती काय, तर 'नीळकंठ यांची द्वितीय पत्नी. नाव उपलब्ध नाही.' अरे, ती बाई नवरा गेल्यावर केस काढू देईना, म्हणून घरच्यांनी तिला छळलं. काशीयात्रेचं निमित्त करून ती निघाली, ती कलकत्त्याहून डचांच्या मळ्यांवर मजूर नेणाऱ्या सुरिनामच्या बोटीत चढली. पार पश्चिमेला! अठराशे ब्याऐंशी साल. आणि नाव उपलब्ध नाही म्हणे. उल्हासच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुरावा आण, छापतो," काका म्हणाले.

पुरावा कुठून आणणार, डोंबल! कोरोनामुळे दफ्तरखाने बंद. मेल टाकली की 'आपली विनंती मिळाली', आठ महिने एवढंच. शेवटी अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या सुखदेई नावाच्या सुरिनामी आजीचा फोन लागला. मोडक्या हिंदीत ती म्हणाली, माझी पणजी मराठी मुलखातली, तिचा बोटीचा कागद आहे माझ्याकडे, शुक्रवारी ये.

तर त्या दिवशी एक गाडी रद्द. दुसरीही रद्द. उल्हास दात-ओठ खात तिच्या सातव्या मजल्यावर पोचला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. सव्वाआठला परत निघालं तरच नऊच्या आत घर.

बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. आत अंधार.

"आजी, मी उल्हास. कागदासाठी..."

"कोणाचा रे तू?"

"नीळकंठांचा खापरपणतू. त्या बाईंचं नाव हवंय. पुस्तकात घालायचंय."

साखळी किणकिणली. मग...

"कुठलं? माहेरचं, की सासरचं?"

घाईत तो बोलून गेला, "सासरचंच हो. कुलवृत्तांतात तेच घालतात."

"तांदळात लिहिलेलं?... ते त्याचं होतं."

दार लागलं. उल्हासनं बेल दाबली. ठोठावलं. हात जोडले. शेजारचा माणूस बाहेर आला.

"कोण हवंय? सुखदेईला मंगळवारीच हॉस्पिटलात नेलंय. आत कोणी नाही. किल्ली माझ्याकडे आहे."

कोणी नाही... मग साखळी कोणी लावली? आणि सुखदेई तर हिंदी बोलायची. हे मराठी होतं. कोकणातलं, जुनं.

उल्हास पळाला.

नवाला दोन मिनिटं कमी असताना घरी पोचला. दिवा लावला. ताट ओट्यावरच होतं.

लग्नात नवरा अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो ना, तसं लिहिलेलं. वरचं नाव तळहातानं पुसलेलं. खाली दुसरं. वाकडंतिकडं. बोटानं.

ठकू.

उल्हासनं फोटो काढला. फोटोत नुसते तांदूळ. पुन्हा काढला... नुसते तांदूळ. तरी काकांना पाठवला.

"तांदूळ काय पाठवतोस? पुरावा पाठव!"

सुखदेई घरी परतलीच नाही. तिचं सामान कोणी नेलं, कागद कुठे गेला, पत्ता लागला नाही. पुस्तक छापून आलं. 'नाव उपलब्ध नाही.' उल्हास तेव्हा रडला रे, संतापानं. "विचारलं होतं तिनं मला," म्हणायचा, "आणि मी काय बोललो!"

पुढे तो बेस्टला आला. ते ताट मांडीवर घेऊन आला. गेल्या रविवारी मी चहाला गेलो होतो, तेव्हा त्यानं ते कपाटातून काढलं आणि माझ्यासमोर चांगलं गदागदा हलवलं.

तांदूळ सरकले. सगळे सरकले.

नाव तिथेच होतं.