तिसरी कुंडी

धाकट्या भावाला जाऊन महिना झाला होता. भावजयीचा निरोप आला, गच्चीवरची जाळी काढून द्या, तिथे कपडे वाळत घालायचे आहेत. मी पक्कड घेतली, स्टूल घेतलं आणि सकाळी दहाला गेलो. ऊन स्वच्छ होतं. हे आधीच सांगतो, कारण अंधारात माणसाला काहीही भासतं असं लोक म्हणतात. तिथे अंधार नव्हता.

मी चौथी शिकलेला माणूस. छत्तीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली. केसाएवढा फरक आधी माझ्या बोटाला कळायचा, मग मापाला. धाकटा घड्याळजी. दुकान बंद केलं की थेट गच्चीवर. तिथे हिरव्या जाळीखाली त्याची ऑर्किडं तारांना टांगलेली. कुंडीत मातीचा कण नाही. कोळसा, नारळाच्या शेंड्या, आणि बाहेर हवेत लोंबणारी पांढरी मुळं. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात, हा फुलांचे दाखवायचा. पाणी कधी घालायचं ते तो हातावर ठरवी. कुंडी उचलायची, जरा पेलायची, आणि वजनावरून सांगायचं, आज की उद्या.

"दादा, तुझ्या हाताला लोखंड कळतं, झाड नाही," तो म्हणायचा.

"लोखंड रुसत नाही," मी म्हणायचो.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी त्याने मला वर नेलं. नऊ कुंड्या वेगळ्या दाखवल्या. पानं गळून गेलेली, नुसत्या सुरकुतलेल्या कांड्या उभ्या.

"बाकीच्यांना पाणी दे. ह्यांना थेंब नको. झोपल्यात त्या."

"झाडं झोपतात?"

"तुझ्यासारखीच. मधेच उठवलं की कामातून जातात."

मी हसलो. पाण्यावाचून काही जगतं का? मला वाटलं, पुस्तकं वाचून डोक्यात घेतलेलं खूळ आहे. रोज सकाळी मी झारीने त्या नऊही कुंड्या चांगल्या भिजवल्या. दहा दिवसांत कांड्या मऊ पडल्या. बोट लावलं तर आत गेलं. जो वास आला तो मी सांगणार नाही. सगळं कचऱ्यात टाकलं, कुंड्या घासल्या आणि रिकाम्याच पुन्हा टांगल्या.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या खाटेशी बसलो होतो.

"कोंब आला का रे, दादा?"

खरं ओठांवर आलं होतं. पण छत्तीस वर्षांत माझ्या हातचा एक नग परत आला नव्हता. चुकलो हा शब्द मला उच्चारता येत नव्हता.

"आला," मी म्हणालो.

"कुठल्या कुंडीत?"

"तिसऱ्या."

मग तो रोज विचारी आणि मी रोज वाढवी. नखाएवढा. बोटाएवढा. आठव्या दिवशी कळी. पुढे फूलही उमललं.

"वास येतो?"

"येतो."

"कसला?"

"मधासारखा," मी सुचलं ते सांगितलं.

तो उशीवरून जरा उठून बसला. "गुरुवारी सोडतायत मला," म्हणाला. "घरी येऊन बघेनच."

बुधवारी पहाटे तो गेला. निरोप आला तेव्हा रडू नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. सख्खा भाऊ गेला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

तर त्या सकाळी मी स्टुलावर चढलो. चांगली झाडं त्याच्या छंदातले मित्र घेऊन गेले होते. राहिल्या होत्या त्या नऊ. पहिली काढली, खाली ठेवली. दुसरी काढली. तिसरीचा हूक सोडवला आणि माझा हात झटकन खाली गेला. खांद्याला हिसका बसला.

जड होती. नुकतीच भिजवलेली कुंडी असते तेवढी जड.

आत पाहिलं. काही नव्हतं. तळाच्या भोकांतून गच्चीची फरशी दिसत होती. माझ्या हाताची चूक होत नाही. मी खाली उतरून दुसरी पुन्हा उचलली, फुलासारखी हलकी. तिसरी उचलली. मनगट वाकलं.

वारा नव्हता. जाळी हलत नव्हती. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, तो आवाज हळूहळू लांब गेला... आणि मग वास आला. आधी पुसट, मग घशात उतरेल असा. मधाचा.

मी कुंडी छातीशी धरून स्टुलावर बसलो.

"पाणी मी घातलं रे..." मी हळू म्हणालो. "मीच सडवली. फूल नव्हतंच... कधीच नव्हतं..."

वास वाढत गेला.

"कुणाशी बोलताय, भाऊजी?"

भावजय जिन्यात उभी होती, हातात गोणपाट.

"कुणाशी नाही. तुला... वास येतोय का कसला?"

"नाही बाई." ती पुढे आली, माझ्या हातातल्या कुंडीच्या तारेत एक बोट घातलं आणि कुंडी उचलली.

"अगं, जड आहे ती!"

"रिकामी तर आहे." तिने ती बोटावरच जराशी झुलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांना कळलं होतं हो, भाऊजी."

"काय?"

"त्या नऊ गेल्या ते. तुम्ही कळी म्हणालात ना, त्याच रात्री मला म्हणाले, दादाने झाडं मारली. कोंबाला कळी धरायला महिने लागतात, म्हणाले, आठ दिवसांत नाही धरत."

"मग रोज विचारत का होता?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, आज सांगेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आज सांगेल बघ." तिने डोळ्यांना पदर लावला. "मंगळवारी रात्रीसुद्धा."

आठ कुंड्या गोणपाटात भरून ती खाली गेली. तिसरी मी मागून घेतली. दोन्ही हातांत धरून घरी आणताना वाटेत तीनदा थांबावं लागलं.

आता ती माझ्या खिडकीत टांगली आहे. रोज सकाळी मी ती उचलतो, जरा पेलतो. कधी जड लागते, कधी हलकी. हलकी लागली की वरून तांब्याभर पाणी ओततो. तळाला पाच भोकं आहेत, तार घालून सगळी मोकळी असल्याची खात्री केली आहे.

खाली ठेवलेल्या थाळीत अजून एक थेंब पडलेला नाही.