एकशे दोन मिलिमीटर

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. जव्हारच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात तीन महिने पडून असलेली मोटरसायकल आणायला मी सकाळी पिकअप घेऊन निघालो. काम साधं होतं. दोन सह्या करायच्या, फळी लावून गाडी वर चढवायची, पट्ट्यांनी बांधायची आणि दुपारच्या जेवणाला घरी पोचायचं.

माझं नाव गॅब्रिएल. वसईजवळच्या होळी गावात, आमच्या केळीच्या वाडीत माझी शेड आहे. डांबर आणि माती, दोन्हीवर पळतील अशा मोटरसायकली मी तयार करतो. मूळ गाडीचे शॉकअप बदलायचे, इंजिनाखाली जाड पत्रा बसवायचा, मातीत पकड घेणारे उंच गुठळ्यांचे बटन टायर चढवायचे. गिऱ्हाईक म्हणजे विरारच्या सोसायट्यांमधली नोकरदार मुलं. पाच दिवस एसीत बसतात आणि शनिवारी त्यांना जव्हार-मोखाड्याच्या चिखलात लोळायचं असतं. बटन टायर हायवेवर महिनाभरात गुळगुळीत होतात, म्हणून शुक्रवारी त्यांच्या गाड्या पिकअपमध्ये बांधून आम्हीच तिकडे नेतो. आम्ही म्हणजे मी आणि ॲलिस्टर. बारा वर्षांची भागीदारी आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी संशयी माणूस आहे. सुझान, माझी बायको, म्हणते की हा पाव घेतला तरी उलटा करून बघतो. असेना. माझ्या धंद्यात संशय असलेलाच बरा.

ठाण्यातली ती गाडी सिद्धेशची होती. वय एकतीस, हसरा मुलगा. ऑगस्टमध्ये भर पावसात एका उतारावर त्याचं मागचं चाक अचानक जाम झालं आणि गाडी बाजूच्या ओढ्यात गेली. गाडी अडकली काठच्या झुडपात, तो गेला खाली आणि वाचला नाही. चेन निघालेली होती, पण आपटल्यावर चेन निघतेच, असं सगळे म्हणाले. नवा मुलगा, वेगात असेल, ब्रेक दाबला असेल. कागदावरही तसंच लिहिलं गेलं.

त्याची बायको क्षितिजा मला फोनवर म्हणाली होती, "अंकल, गाडी आणा, नीट करा आणि विकून टाका. पण त्याआधी मला एक गोष्ट खरी सांगा. त्या दिवशी त्याने जाऊ नये म्हणून मी त्याचे बूट लपवले होते. ते जाड, घोट्यापर्यंतचे. तो चिडून साध्या बुटात गेला. त्या बुटामुळे त्याचा पाय ब्रेकवर अडकला का? चाक त्यामुळे जाम झालं का?"

मी म्हणालो, "गाडी बघून सांगतो."

खरं तर मनात मी उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं. त्या आठवड्यात सिद्धेशच्या गाडीला मागचा नवा टायर बसवला होता. टायर बसवायचा तर चाक काढावं लागतं, आणि चाक परत लावताना एक्सलचा मोठा नट कसावा लागतो. टायरची कामं ॲलिस्टरची. तो नट ढिला राहिला तर चाक तिरकं होतं, चेन उतरते आणि चाक जाम होतं. ऑगस्टपासून ॲलिस्टर माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मी काय समजायचं?

ठाण्यात गाडी ढकलताना पहिली शंका आली. दीडशे किलोची गाडी, मी एकटा चढवतो. त्या दिवशी दोन हवालदारांनी हात लावला तेव्हा कुठे ती फळीवरून वर गेली. चाकं तर मोकळी फिरत होती. वाटेत मनोर गाव सोडल्यावर आरशात पाहिलं. पुढचा भाग मी पट्ट्यांनी खाली ओढून बांधला होता, म्हणजे मागचा भाग उंच दिसायला हवा. तो खाली बसलेला होता. खड्डा आला की गाडीचं मागचं टोक किंचित उशिरा हलायचं, कुणीतरी पायांवर तोल सावरत असल्यासारखं. शॉकअप मेला असेल, असं म्हणून मी रेडिओ लावला.

शेडमध्ये पिकअप शिरला तसा ॲलिस्टर हातातला पाना ठेवून उठला.

"उतरवायला ये," मी म्हटलं.

"मला जरा बाहेर काम आहे," तो म्हणाला आणि वाडीत विहिरीकडे निघून गेला. बारा वर्षांत गाडी उतरवायच्या वेळी त्याला कधी बाहेर काम निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी धुतली आणि मग सॅग मोजायला घेतला. हे आमच्या कामातलं रोजचं माप. मागचं चाक अधांतरी उचलायचं, एक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप लावायची. मग चाक जमिनीवर टेकवून परत मोजायचं. गाडी स्वतःच्या वजनाने जेवढी खाली बसते तो रिकामा सॅग. मग माणूस बसवून मोजायचं. या गाडीचा रिकामा सॅग पस्तीस मिलिमीटर असायला हवा.

टेपवर एकशे दोन आले.

मी परत मोजलं. एकशे दोन. स्प्रिंग काढली, नीट तपासली, चांगली होती. तरी गोडाऊनमधली कोरी स्प्रिंग चढवली. एकशे दोन. भर दुपार होती, बाहेर केळीच्या पानांवर ऊन होतं आणि शेडमध्ये मात्र भिजलेल्या रेनकोटचा वास येत होता. नोव्हेंबरात रेनकोट कुणाकडे असणार? मी सगळ्या खुंट्याही पाहिल्या.

मग माझ्या सेटिंगच्या वहीत सिद्धेशचं पान काढलं. त्याला गाडीवर बसवून जुलैत मीच माप घेतलं होतं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'माणसासह, १०२.'

वही मिटली आणि मी शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो, हे कबूल करतो. पण संशयी माणसाला भुतापेक्षा माणूस बरा वाटतो. मी ठरवलं, हे ॲलिस्टरचं काम. शॉकअपच्या आत त्याने काहीतरी करून ठेवलंय, मी घाबरून गाडी भंगारात द्यावी म्हणून. भंगारात गेली की नटही गेला. त्या रात्रीपासून शेडला मी स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवून झोपलो. सकाळी माप तेच. तीन दिवस तेच.

ॲलिस्टर त्या गाडीपासून हातभर लांबून जायचा. डबासुद्धा बाहेर चिकूखाली खायचा. चौथ्या दिवशी मी त्याला तिथेच गाठलं.

"काय लपवतोयस?"

"काही नाही."

"टायर तू बसवलास. नट तू कसलास. तीन महिने माझ्याकडे बघत नाहीस. ती पोरगी तिकडे बुटांवरून स्वतःला जाळून घेतेय आणि तू..."

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग खूप हळू आवाजात म्हणाला, "गॅब्रिएल, गाडी तू धुतलीस ना?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

"मग तो नट अजून चिखलाने का भरलाय?"

मी आत गेलो. खरंच. सगळी गाडी लखलखत होती आणि एक्सलच्या नटावर तळहाताएवढा लाल चिखल तसाच होता. चार दिवस मी त्याच्याभोवती फडकं फिरवत होतो आणि मला ते कळलं नव्हतं.

आमच्या शेडमध्ये एक नियम आहे. नट टॉर्क पान्याने (पुरेसा जोर लागला की तो टक वाजतो) कसला की त्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून रंगाची एक आडवी पट्टी ओढायची. नट हलला तर पट्टी तुटलेली दिसते. ॲलिस्टरचा रंग पांढरा, माझा पिवळा. आधी पाना, मग पट्टी. हा नियम मीच केला.

मी अंगठ्याने चिखल खरवडला. खाली पिवळा रंग निघाला. नटावरची रेघ एकीकडे, लोखंडावरची दुसरीकडे. नट हाताने फिरत होता.

ॲलिस्टर दारात उभा होता. आत आला नाही. "त्या शुक्रवारी मी आगाशीला होतो. आल्बिनाच्या साखरपुड्याला. टायर तू बसवलास. विसरलास?"

आल्बिना त्याची भाची. तो साखरपुडा मला आठवला आणि मग सगळंच आठवलं. पाच गाड्या, लाइट गेलेली, पाऊस. वेळ वाचवायला रंगाची डबी उघडी आहे तोवर मी पाचही गाड्यांवर पट्ट्या आधीच ओढल्या होत्या. मग पाना घेतला. चौथ्या गाडीनंतर सुझानने हाक मारली, विहिरीच्या पंपात पाणी शिरलं होतं. परत आलो तेव्हा पाचही गाड्यांवर पट्ट्या दिसल्या. झालं काम, म्हणून पिकअपमध्ये चढवल्या.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्या शनिवारी मी तिथेच होतो ना. ओढ्याकाठच्या झुडपातून गाडी मीच ओढून काढली." तो जमिनीकडे बघत होता. "तुला सांगून काय तो परत येणार होता? मी वरून चिखल लावला."

बारा वर्षांच्या मित्राला मी चार दिवस खुनी ठरवत होतो आणि त्याने माझ्यासाठी चिखलात हात घातला होता. मला रडू यायला हवं होतं. मी काय केलं ते ऐका. थिनरचा बोळा घेतला आणि पिवळी रेघ पुसली. नट कसला. नवी, अखंड पट्टी ओढली.

पान्याचा टक असा आवाज झाला आणि माझ्यासमोर गाडीचं मागचं टोक हळूच वर आलं. शॉकअपने सुस्कारा सोडला. साइड स्टँड जमिनीवर जरासा सरकला. धावत जाऊन मी टेप लावली.

पस्तीस.

ॲलिस्टरने छातीवर क्रूस काढला आणि तो घरी निघून गेला. मला मात्र हलकं वाटलं, खोटं का बोलू. गेला एकदाचा, असंच वाटलं.

संध्याकाळी विक्रीच्या कागदांवर क्षितिजाची सही घ्यायला मी पिकअप घेऊन विरारला गेलो. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. तिने चहा केला, सह्या केल्या, मग विचारलं, "काय निघालं, अंकल?"

"गाडी ठणठणीत होती," मी म्हणालो. "गाडीत काही दोष नव्हता."

तिने कप खाली ठेवला. "म्हणजे बूटच."

मी नाही म्हणालो नाही. चहा संपवला.

"मग ते बूटही घेऊन जा," ती म्हणाली. "घरात नकोत मला. तुम्ही व्हा पुढे, मी माळ्यावरून काढून आणते."

खाली येऊन मी इंजिन चालू केलं आणि पिकअप टीं टीं करायला लागला. माझा पट्टा लावलेला होता. समोर दिवा लागला होता तो शेजारच्या सीटचा. सीटवर माणूस असेल आणि त्याने पट्टा लावला नसेल तरच ही गाडी अशी ओरडते. सीटवर काही नव्हतं. मी ती हाताने चाचपली. फोम मधोमध दबलेला होता आणि गार होता. इंजिन बंद करून परत चालू केलं. टीं टीं. काचा बंद होत्या आणि भिजलेल्या रेनकोटचा वास यायला लागला.

क्षितिजा मोठी पिशवी छातीशी धरून आली. सीटवर ठेवायला तिने डावीकडचा दरवाजा उघडला... आणि थांबली. ती माझ्याकडे बघत नव्हती. कामावरून उशिरा आलेल्या नवऱ्याकडे बायको बघते तशी ती त्या सीटकडे बघत होती. खूप वेळ.

"अंकल," ती अगदी हळू म्हणाली, "त्याला पट्टा लावायला सांगा. माझं तो कधी ऐकायचा नाही."

टीं टीं चालूच होतं. शेवटी मी म्हणालो, "क्षितिजा... बुटांचा काही संबंध नाही. नट मी कसला नव्हता. पट्टी ओढली आणि कसायचा विसरलो. बूट असते तरी तेच झालं असतं. आत्ता वर मी खोटं बोललो. चूक माझी आहे."

पिशवी तिच्या हातातून खाली पडली. ती तिथेच फूटपाथच्या कडेला बसली आणि मोठ्याने रडली. वॉचमन धावत आला. तिने त्याला हाताने परत पाठवलं, डोळे पुसले, उठली. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त दरवाजा लावला, कुणाचा गुडघा मध्ये येऊ नये म्हणून जपून लावतात तसा, आणि पिशवी उचलून आत गेली. तिची पाठ मला सरळ वाटली.

दरवाजा बंद झाला आणि आवाज थांबला. दिवा विझला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. संपलं, असं मनाशी म्हटलं. त्याला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं, आता तो उतरला असेल.

मग मी शेजारी पाहिलं. सीटचा पट्टा दरवाजाशेजारच्या खांबापासून ओढलेला होता आणि बकल खाचेत बसवलेलं होतं. सीटच्या पाठीपासून वीतभर पुढे, हवेत, तो ताणून उभा होता. मी बघत असताना तो सावकाश थोडा पुढे आला आणि परत मागे गेला.

मला अजून होळी गावापर्यंत गाडी चालवायची होती.