सातही बाया कोरड्या

भिरकी नदी घाटाच्या कड्यावरून खालच्या पुलापर्यंत ट्यूबवर बसून सुखरूप उतरता येते, हे रुपालीला आज दाखवून द्यायचं होतं. पुलावर सरपंच किसनराव येऊन बसणार होते. तिघंजण त्यांच्या डोळ्यांदेखत नदीतून उतरले, तर रविवारी येणाऱ्या हौशी लोकांना पाण्यातून फिरवण्याचं काम गावातल्या बायांच्या गटाला मिळणार होतं. नाही उतरले, तर रस्त्यावरचा धाबेवाला टपूनच बसला होता. त्याला काठावर मोठ्यानं गाणी लावायची होती, आणि नदी त्याला दिसायची ती फक्त बाटल्या थंड करायला.

तशी भिरकी काही मोठी नदी नाही. बुलढाण्याच्या पठारावर सोयाबीनच्या वावरांमधून ती पाटाच्या पाण्यासारखी गुमान येते आणि घाटाचा कडा लागला की शाळा सुटल्यासारखी धावत सुटते. आधी सागाच्या रानातून काळ्या दगडांच्या पायऱ्या. मग ढोरं बसतात तो पसरट ढोरडोह. आणि त्यानंतर कढई. तिथे दोन्ही अंगांना दगडाच्या उभ्या भिंती आहेत, मधे पाणी गोल फिरतं आणि एका अरुंद फटीतून खाली कोसळतं. कढईतून बाहेर पडलं की समोर पूल.

रुपालीचं माहेर मेहकरचं. पैनगंगेत ती बापाच्या पाठीवर बसून पोहायला शिकली होती. अर्पिता झाल्यापासून मात्र पाण्यात पाय पडला नव्हता. पहाटे भांडी घासताना नदीचा आवाज आला की तिचे हात चालत राहत, पण पाय ठरत नसत. आज निघताना झोपलेल्या अर्पितानं तिचं बोट मुठीत धरलं होतं. ती मूठ सोडवायला तिला कितीतरी वेळ लागला.

"दूध पाजलं ना?" सासूबाईंनी विचारलं. सत्यभामाबाईंचा ह्या उद्योगाला विरोध नव्हता, पण कौतुकही नव्हतं. "मी हिले घेऊन पुलावर येतो. उशीर नको करजो. वरच्या दुधानं ही मानत नाही."

"उन्हं चढाच्या आत येतो, आई."

नदी कड्याला लागते त्या जागेला गावात धार म्हणतात; धारेवर पोचेपर्यंत नुकतं फटफटलं होतं. धाकटा दीर हर्षल फुगवलेल्या ट्रॅक्टरच्या ट्यूबा गाडीवरून उतरवत होता. गावात त्याचं पंक्चरचं दुकान, त्यामुळे ट्यूबा त्याच्या. तिसरी महामाया, रुपालीची मेहकरची वर्गमैत्रीण. ती देऊळगाव राजाच्या शाळेत खेळ शिकवायची. खांद्यावर दोराची गुंडाळी टाकून ती पाण्याकडे बघत होती.

"पाणी चहासारखं दिसून राह्यलं," ती म्हणाली. "रात्री वर पाऊस झाला का?"

"झाला असन थोडाफार. बाया पाहा ना, बाया," हर्षल म्हणाला.

बाया म्हणजे सात आसरा, पाण्याच्या देवी. धारेच्या उतरत्या खडकावर पाण्यापासून वरपर्यंत एकीखाली एक मांडलेले शेंदराचे सात दगड. ह्या गावात पाणी कुणी हातानं किंवा काठीनं मोजत नाही. 'आज दोन बाया न्हाल्या' म्हटलं की कळायचं, खालचे दोन दगड बुडालेत. एक जरी बाई न्हाली असली, तरी त्या दिवशी कढईत कुणी उतरायचं नाही. सातही कोरड्या असल्या तर खुशाल जा.

रुपालीनं विजेरी मारली. सातही दगड लख्ख शेंदरी. खालच्या दगडाला पाण्याचा शिंतोडासुद्धा नव्हता.

"सातही कोरड्या," ती म्हणाली.

"मी काही हात जोडत नाही," महामाया जाकिटाचे पट्टे आवळत म्हणाली, "पण पाण्याच्या बाबतीत तुमच्या बायांवर आपला भरवसा आहे. चला."

रुपालीनं आपल्या ट्यूबला खूण म्हणून हिरवा रुमाल बांधला. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचा तुकडा होता तो.

सुरुवातीला मजाच होती. ट्यूब पाण्यावर बसली, वळली, आणि सागाची झाडं आपोआप मागे जाऊ लागली. पानांमधून ऊन सांडायला लागलं. एक खंड्या पुढे पुढे उडत वाट दाखवत होता. पैनगंगेतलं ते जुनं, पोरपणाचं काहीतरी रुपालीला ओळखू आलं, आणि तिनं दोन्ही हात पाण्यात सोडले.

"वहिनी, तुम्ही तर हसून राह्यल्या," मागून हर्षल ओरडला. "घरी कधी दिसत नाही हे."

"घरी तुम्ही ताट उचलत जा, मंग दिसन."

"ऐका मॅडम, पाण्यात बी टोमणे."

पायऱ्या सुरू झाल्या. पहिली पायरी, धप्प! दुसरी, धप्प! उन्हाळ्यात ज्या दगडांवर बसून ती आणि हर्षल कैऱ्या खायची ते दगड कुठेच दिसत नव्हते. जिथे ट्यूब घासत जायला हवी, तिथे ती दगडांवरून उडत होती. रुपालीला ते जाणवलं, पण विचार पुरा व्हायच्या आत तिसरी पायरी आली.

पायऱ्या संपल्या की ढोरडोहात दम घ्यायचा, असं ठरलं होतं. पण डोह संथ नव्हता! पाणी न थांबता सरळ कढईकडे धावत होतं.

"काठाले! काठाले घ्या!" महामाया ओरडली. ती उजवीकडे वळली, एका उंबराच्या मुळीला धरून वर चढली. हर्षलला वळता आलं नाही. त्याची ट्यूब दगडावर उभी राहिली, उलटली आणि काठाच्या दगडांत जाऊन अडकली. तो पाण्यात गेला, वर आला, आणि तिथेच अडकला. पाय दोन दगडांच्या बेचक्यात रुतला होता. पाणी त्याच्या मानेवरून जात होतं. हनुवटी वर करून तो श्वास घेत होता, पुन्हा बुडत होता.

रुपालीनं ट्यूब सोडली.

तिनं ठरवलं असं काही नव्हतंच. हात सुटले आणि ती पोहत त्याच्यापर्यंत गेली. पाठ प्रवाहाकडे करून ती त्याच्या वरच्या अंगाला उभी राहिली. पाणी तिच्या पाठीवर आदळून दुभंगलं आणि हर्षलच्या तोंडासमोर थोडी जागा झाली.

"पाय ओढू नका, भाऊजी. आधी खाली दाबा. मंग वाकडा करा."

"नाही निघत."

"निघते. दाबा."

दोर आला. पहिला चुकला. दुसरा रुपालीच्या खांद्यावर पडला. तिनं तो हर्षलच्या काखेतून घेतला. महामायानं उंबराला वेढा देऊन ताणला. हर्षलनं दात आवळून पाय खाली रेटला, वळवला. निघाला! बूट आतच राहिला. दोघं दोराला लोंबकळत काठावर येऊन पडले.

खाली कढईत रुपालीची ट्यूब गोल गोल फिरत होती. हिरवा रुमाल दिसायचा, बुडायचा, पुन्हा दिसायचा.

"सातही कोरड्या होत्या," हर्षल पायाची सूज चाचपत म्हणाला. "मंग हे पाणी आलं कुठून?"

रुपालीनं डोळे मिटून विजेरीच्या उजेडातले ते दगड आठवले. शेंदरी दगड. आणि त्यांच्याखाली पांढरं, चकचकीत काहीतरी.

"फरशी," ती म्हणाली.

"काय?"

"बायांच्या खाली फरशी होती. आईच्या भजनी मंडळानं उन्हाळ्यात ओटा बांधला नाही का? दरवर्षी शेंदूर धुऊन जाते म्हणून. तश्याच एकीखाली एक मांडल्या, पण कमरेइतक्या वर."

हर्षलनं कपाळाला हात लावला. "सिमेंट मीच वाह्यलं ना, वहिनी."

ओटा तिघांनीही पाहिला होता. नारळ फुटले तेव्हा रुपाली आणि हर्षल समोर उभे होते. तरी पहाटे शेंदूर कोरडा दिसला आणि तोंडातून जुनंच वाक्य निघालं.

महामाया कढईकडे बघत होती. "दोन ट्यूबा उरल्या आहेत. भिंतीला धरून गेलं तर मी पोचीन पुलावर. किसनरावांनी एक माणूस आलेला पाहिला तरी..."

रुपालीला पूल दिसतच होता, फटीच्या पलीकडे, उन्हात. एवढंसं अंतर. महामाया पोहणारी होती, कदाचित पोचलीही असती. पण आपल्यामागे रविवारी इथे कोण येईल, तेही रुपालीला दिसलं. ज्यांना पोहता येत नाही ते. ज्यांना बाया म्हणजे काय ते माहीत नाही ते.

"नाही. हे पाणी आपलं नाही. चालत जाऊ."

तेवढ्यात ट्यूब कढईच्या कडेला आली, फटीत तिरकी झाली, आणि गेली.

रुपाली ताडकन उठली. ती ट्यूब आता पुलाखालून जाणार. रिकामी. हिरवा रुमाल बांधलेली. आणि पुलावर सासूबाई, कडेवर अर्पिता.

"भाऊजींजवळ थांब," ती महामायाला म्हणाली आणि धावली.

वाट अशी नव्हतीच. सागाच्या पानांवरून पाय घसरत होते, कुसळं पायांना टोचत होती, घाणेरीच्या काट्यात बाही फाटली. ती पडली, उठली. छाती दुधानं दगडासारखी झाली होती, पावलागणिक ठणकत होती. एवढ्यात अर्पिता उठली असेल. रडत असेल. की पुलावर दुसरंच कुणी रडत असेल? नदी शेजारून तिच्यापेक्षा पुढे धावत होती.

ती रस्त्याला लागली तेव्हा पुलावर माणसं गोळा झालेली दिसली. दोघं पोहणारे कमरेला दोर बांधून उतरायच्या तयारीत होते. ट्यूब काढून बाजूला ठेवली होती. तिच्या शेजारी सत्यभामाबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि अर्पिता त्यांच्या मांडीवर उभी राहून हिरव्या रुमालाचं टोक चावत होती.

सासूबाईंनी वर पाहिलं. चेहरा हलला नाही. "हर्षल?"

"आहे. पाय मुरगळला. महामाया आहे संगं."

"मंग उभी काऊन? लेकराले घे आधी."

रुपाली कठड्याला पाठ लावून बसली. पदर सासूबाईंनीच तिच्या खांद्यावरून ओढला, आणि ओढताना त्यांचा हात कितीतरी वेळ तिच्या ओल्या केसांवर राहिला.

किसनरावांनी माणसं दोर घेऊन वर पाठवली. मग घसा खाकरून ते म्हणाले, "म्हणजे नाही जमत म्हणा."

"जमते, काका. आज नाही जमत. पाणी उतरल्यावर पुन्हा येतो. बायांच्या जुन्या जागा पाहून येतो."

सत्यभामाबाईंचा हात थांबला. ओटा त्यांच्या हट्टानं झाला होता. "एकदा बसवलेला देव खाली नाही आणता येत," त्या म्हणाल्या.

किसनरावांनी नदीकडे पाहिलं, ट्यूबकडे पाहिलं. "बरं. धाबेवाल्याले सांगतो, दिवाळीपावतर थांब म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई घरात नव्हत्या. रुपाली अर्पिताला कडेवर घेऊन धारेवर गेली. सत्यभामाबाई लुगडं खोचून पाण्याच्या कडेला वाकल्या होत्या, हातात शेंदराची वाटी. ओट्याखाली खडकावर, दगड पिढ्यान्‌पिढ्या बसून पडलेल्या खोलगट जागा होत्या. वरच्या चारींत त्या बोटानं ठसठशीत शेंदूर भरत होत्या.

"खालच्या तीन पाणी ओसरल्यावर," त्या न वळता म्हणाल्या. "बाया राहतीन वर. त्यांची पावलं राहतीन खाली. काय म्हणते?"

"तीन न्हाल्या अजून," रुपाली म्हणाली.

"मंग चाल घरी."

"हाव, चला." पण ती हलली नाही. पाणी चौथ्या पावलाला टेकत होतं, मागे सरत होतं. कडेवरून अर्पिता दोन्ही हात पसरून नदीकडे झेपावत होती, आणि रुपाली तिला घट्ट धरून उभी होती.