एव्हरिस्तच्या नावाने

सकाळची जपमाळ पुरी झाल्याशिवाय ओडिल मेलांसाँ कॉफीला हात लावत नसे. त्या दिवशीही माळ संपवून तिने मक्याच्या ब्रेडचा तुकडा कुत्रीसाठी बाजूला काढला आणि हाक मारली. कॅफे आली, पण तिरकी आली. टेबलाच्या पायावर आदळून डावीकडे कलंडली आणि उठायला गेली तर पुन्हा डावीकडेच गेली. मान अशी वाकली होती की एक कान जमिनीला टेकत होता. डोळे तर बघवत नव्हते. ते एका लयीत इकडून तिकडे सरकत होते, जणू तिच्यासमोरून न संपणारी मालगाडी चालली होती.

कॅफे ओडिलच्या नवऱ्याची, एव्हरिस्तची. तो जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याचे बूट, टोप्या, क्रॉफिश नावाचे झिंगे धरायचे पिंजरे, सगळं ओडिलने वाटून टाकलं होतं. त्याचं म्हणून श्वास घेणारं असं हे एकच घरात उरलं होतं.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टर प्रेजांबाईंनी कुत्रीच्या कानात दिवा धरून पाहिलं. "म्हाताऱ्या कुत्र्यांना होतं असं. कानाच्या आत बिघाड झाला की तोल जातो. पुष्कळदा आपोआप बरं होतं. खायला लागली तर वाचेल. नाहीच लागली, तर मग आपण बोलू, ओडिलबाई."

काय बोलायचं ते ओडिलला कळलं.

कॅफे खाईना. पाणी चमच्याने घातलं तर अर्धं बाहेर येई. शुक्रवारी नणंद एल्मिर क्रॉफिशच्या रश्श्याचं पातेलं घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "आजारी ही कुत्री आहे की तू? तुझंच तोंड उतरलंय."

"टोमणे नंतर मार. आधी तिला धर, चादर बदलायची आहे."

"अगं, नुसते जप काय करत बसतेस? बायूच्या पाण्यापलीकडच्या अझेलीला फोन कर. माझी नागीण तिनेच उतरवली."

अझेली ही प्रार्थनेने आजार उतरवणारी म्हातारी. अशी माणसं त्या भागात अजून होती. ओडिल म्हणाली, "ती कशी येणार? वाहतं पाणी ओलांडलं की तिची प्रार्थना चालत नाही."

"फोन कुठे पोहत जातो? तारेवरून जातो!" एल्मिर हसली, मग जरा थबकली. "पण जनावरं नाही घेत हं ती. बाप्तिस्मा झालेलंच माणूस लागतं. आणि आभार मानायचे नाहीत. मानलेस की केलेलं सगळं उलटतं."

"मला सांगतेस? याच मातीत वाढलेय मी."

एल्मिर गेल्यावर ओडिलने कॅफेचं डोकं मांडीवर घेतलं आणि नंबर फिरवला. पलीकडचा आवाज सुक्या शेंगेसारखा वाजत होता.

"पूर्ण नाव सांग, पोरी. बाप्तिस्म्याला ठेवलेलं."

मांडीवरचे डोळे सरकत होते. इकडून तिकडे, इकडून तिकडे. ओडिलचं तोंड उघडलं आणि नाव बाहेर आलं, "जोसेफ एव्हरिस्त मेलांसाँ."

"तुझा कोण?"

"नवरा."

"काय होतंय त्याला?"

"तोल जातो. नजर ठरत नाही."

"बरं. ठेव फोन. आणि आभार मानू नकोस."

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात आपण खोटं बोललो, तेही मेलेल्या माणसाच्या नावाने, हे ओडिलला रात्रभर खुपत राहिलं. उद्या शनिवार, पाद्रीबाबांपुढे कबूल करायचं, असं तिने ठरवलं.

सकाळी कॅफे चार पायांवर सरळ उभी होती. ताटलीतला ब्रेड तिने संपवला आणि आणखी मागितला. डॉक्टरबाई फोनवर मनापासून हसल्या. "म्हटलं नव्हतं मी?"

त्या दिवशी ओडिल चर्चमध्ये गेलीच नाही. कबूल केलं आणि त्यानेच काही बिघडलं तर?

पुढच्या आठवड्यात कॅफेचा पट्टा एक भोक सैल झालेला दिसला. एव्हरिस्त नेहमी कुरकुरायचा, "गळा आवळतेस पोरीचा." ओडिलने पट्टा पुन्हा घट्ट केला. दुपारी तो सैल होता.

मग कॅफेच्या अंगात अडकणारे गोखरू दिसेनासे झाले. ते ओसरीच्या कठड्यावर ओळीने मांडून ठेवलेले सापडू लागले. ही कामं आता पहाटेच होत. कॅफे चुलीजवळ बसून वर बघे, माणसाचा चेहरा असावा तेवढ्या उंचीवर, आणि शेपटीने जमीन झाडे.

"तूच करतेस आणि विसरतेस," एल्मिर म्हणाली. "वय झालंय आपलं, ओडिल."

"असेल," ओडिल म्हणाली. तिला भीती वाटत नव्हती. कॅफे खात होती, बाकी काही तिला नको होतं.

झावळ्यांच्या रविवारी चर्चमधल्या मिसाहून परतताना फोनचा आवाज तिला फाटकातूनच ऐकू आला. अझेली होती. रागावलेली.

"तुला बजावलं होतं की नाही?"

"मी नाही मानले आभार. शपथ!"

"तू नाही. तुझ्या नवऱ्याने. आत्ता सकाळी, याच नंबरवरून. गोड बोलला. जरा अडखळत होता, फार दिवसांनी तोंड उघडल्यासारखा."

ओडिलने खुर्चीची पाठ धरली. "मग आता?"

"आता उलटणार. ज्याच्या नावाने उतरवलं, त्याच्यावरच. जा, त्याच्याजवळ बस. पडू देऊ नकोस त्याला."

फोन तसाच सोडून ओडिल स्वयंपाकघरात धावली. कॅफे उन्हाच्या पट्ट्यात पहुडली होती. ओडिलने तिचं तोंड दोन्ही हातांत घेतलं. मान सरळ होती. डोळे स्थिर होते.

ती तशीच बसून राहिली. ऊन सरकत टेबलाखाली गेलं. कॅफेने जांभई दिली.

मागच्या खोलीत काहीतरी जड आपटलं.

मग भिंत घासत गेल्याचा आवाज. थोडा वेळ काही नाही. पुन्हा तीच भिंत, पुन्हा डावीकडचीच.

कॅफे उठली. नीट, सरळ चालत मागच्या खोलीच्या बंद दाराशी गेली आणि पोटावर आडवी झाली.

ओडिल तिच्या मागे आली. दाराच्या मुठीवर हात ठेवला, पण ती फिरवता येईना.

खाली कॅफेने दाराच्या फटीशी तोंड नेलं होतं. शेपटी संथ हलत होती. ती काहीतरी चाटत होती, हळूहळू, बोटांच्या मधूनमधून चाटावं तसं.